घरोघरी जाणारी परिचारिका : शहापूर-मुरबाड भागात कोणाची निवड करावी आणि ती टिकावी कशी

रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हा प्रश्न शहरातील कुटुंबाला कसाबसा सोडवता येतो. कल्याणला किंवा ठाण्याला नर्सेस ब्युरोत फोन केला की एक-दोन दिवसांत कोणीतरी दारात उभे राहते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या आतल्या गावांत असे होत नाही. अर्धांगवायू झालेला शेतकरी, मांडीचे हाड मोडलेली आजी, लघवीची नळी घातलेले वृद्ध, नुकतीच बाळंत झालेली आणि अंगात रक्त कमी असलेली मुलगी, ही सारी माणसे जीपने किंवा एसटीने घरी येतात. सोबत इंग्रजीत लिहिलेले डिस्चार्ज कार्ड असते, ते पत्र्याच्या पेटीत ठेवले जाते. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते हे घरात कोणाला माहीत नसते. पंधरवड्यात पाठीला जखम होते, ती चिघळते, आणि ज्या आजारातून माणूस वाचला होता त्याच्यापेक्षा ही जखम त्याला अधिक छळते.

अशा घरी नियमाने जाणारी परिचारिका मिळावी, असा विचार अनेक धर्मग्रामांत, महिला मंडळांत आणि सेवाभावी संस्थांत वेळोवेळी होत असतो. त्यांच्या उपयोगासाठी ही माहिती आम्ही एकत्र करीत आहोत. परिचारिका मिळत नाही ही तक्रार आमच्या मते अर्धीच खरी आहे. पुष्कळदा मिळालेली परिचारिका टिकत नाही, आणि न टिकण्याची कारणे तिच्यात नसून आपण केलेल्या व्यवस्थेत असतात.

प्रदेश आणि आजची व्यवस्था

२०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा खरा ग्रामीण भाग म्हणजे प्रामुख्याने हे दोन तालुके होत. शहापुरातून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग जातो. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके ओळखीची आहेत. मुरबाडकरांना मात्र आजवर रस्त्याचाच आधार राहिला आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा महामार्ग हीच त्यांची मुख्य वाट. परंतु स्थानक किंवा महामार्ग जवळ असला म्हणून पाडा जवळ येत नाही. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या गावांपर्यंत एसटी जाते; तिथून पुढे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली समाजांच्या वाड्या-पाड्यांपर्यंत पायीच जावे लागते. पावसाळ्यात ओढा भरला की तेही बंद. मग आजारी माणसाला झोळीत घालून चौघांनी रस्त्यापर्यंत आणायचे. मुंबईला पाणी देणारे भातसा आणि तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही विसंगती आता इतकी जुनी झाली आहे की तिच्याविषयी कोणी आश्चर्यही करीत नाही.

शासनाची व्यवस्था नाही असे मुळीच नाही. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. सपाट भागात तो ५,००० चा आहे. उपकेंद्रात आरोग्य सेविका असते, जिला आपण एएनएम किंवा नर्सबाई म्हणतो. २००५ पासून गावोगावी आशाताई आल्या. २०१८ पासून अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही नेमले गेले. मात्र या सर्वांच्या दिवसाचा मोठा भाग लसीकरण, गरोदर माता, बालके, क्षयरोग, हिवताप आणि त्यांच्या नोंदी यांत जातो, आणि तो जायलाच हवा. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची पाळी त्या वेळापत्रकात शेवटी येते. घरी जाणाऱ्या परिचारिकेने उभे राहायचे ते याच रिकाम्या जागी. आरोग्य सेविकेच्या कामात ढवळाढवळ करणे हे तिचे काम नव्हे. सुरुवातीलाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून हे स्पष्ट केले, तर पुढचे अनेक गैरसमज टळतात.

नर्स कोणाला म्हणावे?

बोलण्यात आपण रुग्णाजवळ बसणाऱ्या प्रत्येक बाईला नर्स म्हणतो. ही ढिलाई महाग पडते. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून तो मुलींसाठीच आहे. जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. हे दोन्ही मुलांनाही खुले आहेत. तिन्हींसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते आणि बी.एस्सी.ला विज्ञान शाखा लागते. शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि ठरावीक काळाने तिचे नूतनीकरण करावे लागते. नेमणुकीपूर्वी नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र आणि नूतनीकरणाची तारीख पाहणे यात संकोच करू नये. केअरटेकर, आया किंवा मावशी यांची नोंदणी नसते. आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, सोबत करणे ही त्यांची कामे मोलाचीच आहेत. मात्र नाकातल्या नळीतून अन्न देणे, लघवीची नळी बदलणे, इन्सुलिनची मात्रा पाहणे, खोल जखमेची मलमपट्टी करणे ही कामे त्यांच्यावर टाकणे रुग्णाच्या आणि त्यांच्याही जिवाशी खेळणे होय. परिचारिकेनेही औषधे डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरच द्यायची असतात.

पुरुष परिचारकांचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. पाड्यावरचे वृद्ध गृहस्थ लघवीच्या नळीसाठी स्त्रीसमोर संकोचतात, आणि अनेकदा त्या संकोचापायी ताप येईपर्यंत गप्प बसतात. चार परिचारिकांमागे एक ब्रदर असला तर ही अडचण बरीच कमी होईल.

सिस्टर या शब्दाचा उगम आपल्या वाचकांना सांगायला नको. परंतु घरी जाऊन बाळंतपण करण्याचे काम व्रतस्थ भगिनींना दीर्घकाळ मना होते, हे अनेकांना ठाऊक नसेल. आपल्या उपखंडातील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि बाळंतपणात मरतात, हे रावळपिंडीत काम करताना डॉ. ॲना डेंगल यांनी पाहिले होते. त्यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. भगिनींना वैद्यकीची आणि प्रसूतिसेवेची मोकळीक देणारा आदेश रोमहून निघाला तो ११ फेब्रुवारी १९३६ रोजी. गुंटूर येथे सेवा करणाऱ्या डॉ. सिस्टर मेरी ग्लोरी यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुढे रुग्णालये वाढली, आणि त्यांच्या भिंतींच्या आत काम इतके वाढले की घरोघरी जाणे मागे पडले. हा दोष कोणाचा नाही. पण ती उणीव आज जाणवते.

जामखेडचा धडा

या विषयावर महाराष्ट्रात जो अनुभव सर्वांत जवळून अभ्यासण्यासारखा आहे, तो जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकले आणि १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम सुरू केले. त्यांची पहिली कल्पना आज आपल्याला सुचते तीच होती : शिकलेल्या परिचारिकांनी गावात राहावे आणि तिथून सेवा द्यावी. ती फळास आली नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना एकटीने गावात राहणे कठीण गेले, आणि गावातील बायकांनाही त्या आपल्या वाटल्या नाहीत. परिचारिका हुशार होत्या, प्रशिक्षित होत्या. तरीही जमले नाही.

तेव्हा आरोळे दांपत्याने उलट बाजूने सुरुवात केली. गावाने स्वतःच एक बाई निवडायची. त्या बायकांपैकी पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, रात्री मुक्काम करीत, एकत्र जेवत आणि शिकत. घरी परतल्यावर शिकलेले गावाला सांगत. परिचारिका या व्यवस्थेतून नाहीशी झाली नाही, तिचे काम बदलले. डॉक्टरांसह फिरत्या पथकातून ती गावात येऊ लागली. अवघड रुग्ण पाहणे, गावच्या आरोग्य कार्यकर्तीला शिकवणे, तिची चूक चारचौघांत न दाखवता सुधारणे, ही तिची जबाबदारी झाली. १९७१ च्या सुमारास त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती; १९९० च्या दशकात ही संख्या तिसापेक्षा खाली आली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि नवजात बाळाची काळजी त्याच्या घरातच घेतली. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये हीच पद्धत देशभर लागू झाली. आज शहापूरच्या एखाद्या पाड्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहायला येते, ती या वाटेने आलेली आहे.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की परिचारिकेला एकटी नेमू नये. ज्या पाड्यांवर तिने जायचे आहे तिथली एकेक बाई तिच्या सोबतीला शिकवून तयार करावी, आणि तिलाही मोबदला द्यावा. कूस बदलायची वेळ दिवसातून दहा वेळा येते. परिचारिका आठवड्यातून दोनदा येणार. मधल्या वेळी घरात कोण आहे, यावर जखम भरणे किंवा चिघळणे ठरते.

निवड करताना

गुणपत्रिका पाहावी, पण तिच्यावर थांबू नये. आमच्या मते मुलाखतीपेक्षा दोन दिवसांची प्रत्यक्ष फेरी अधिक सांगते. उमेदवाराला अनुभवी परिचारिकेसोबत पाच-सहा घरी पाठवावे, त्या दोन दिवसांचे मानधन द्यावे, आणि नंतर दोघींशीही बोलावे.

फेरीत काय पाहायचे? एक म्हणजे चहा. कातकरी घरात पुढे केलेला चहा ती घेते की काही निमित्त सांगून टाळते, हे त्या घराला लगेच कळते, आणि पुढच्या वेळी दार अर्धेच उघडते. दुसरे म्हणजे तिचे कान. ठाकूर किंवा कातकरी बोलीतले सगळे शब्द तिला समजलेच पाहिजेत असे नाही. न समजल्यास पुन्हा विचारण्याचा कमीपणा तिला वाटू नये. रुग्णालयात नर्सबाईंनी ओरडले तरी रुग्ण जाणार कुठे? घरी मात्र ती पाहुणी असते.

सलाईनची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या ग्रामीण भागात अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची सवय खोलवर गेली आहे. घरचे म्हणतात, बाई, एक बाटली लावून टाका, पैसे देतो. गरज नसताना शिरेतून दिलेले पाणी वृद्धाच्या किंवा हृदयरोग्याच्या छातीत साठू शकते. जी परिचारिका याला नाही म्हणू शकते आणि नाही म्हटल्यावरही त्या घरात पुढच्या आठवड्यात तिचे स्वागत होते, ती या कामास योग्य समजावी. नुसते नाही म्हणणाऱ्या पुष्कळ मिळतात, आणि नुसते हो म्हणणाऱ्या त्याहून अधिक.

गुप्तता हा पुढचा कस. एका घरातला क्षयरोग, दुसऱ्या घरातल्या मुलीचे दिवस राहणे, तिसऱ्या घरातली दारू हे सारे तिच्या नजरेस पडते. फेरीहून परतताना सोबतच्या परिचारिकेला ती कोणाविषयी काय विचारते, त्यावरून पुष्कळ कळते.

उमेदवार विवाहित असेल तर तिच्या घरी जाऊन सासूबाईंशी आणि पतीशी बोलावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. परवानगी मागायला नव्हे. तिच्या घरालाही कामाचे स्वरूप कळावे म्हणून. संध्याकाळी सातला परतणारी सून आणि रात्री वाजणारा फोन यांची कल्पना आधी नसली, तर राजीनामा सहा महिन्यांत येतो आणि त्यावर कारण घरगुती अडचण असे लिहिलेले असते.

शक्यतो तालुक्यातलीच मुलगी किंवा मुलगा घ्यावा. त्यासाठी बारावीचे निकाल लागतात तेव्हाच पाड्यांवरच्या मुलींपर्यंत पोहोचावे लागते. शिक्षणाचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि जातीच्या दाखल्यासाठी मारावे लागणारे हेलपाटे, यांत तिला मदत लागते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या धर्मग्रामातील संस्थांना हे करता येण्याजोगे आहे. दोन-तीन वर्षे वाट पाहायची तयारी मात्र हवी.

टिकवताना

ओळखीचे चित्र असे असते. जीएनएम झालेली एक चांगली मुलगी रुजू होते. चार महिने मन लावून काम करते. मग कल्याणच्या किंवा ठाण्याच्या रुग्णालयातून बोलावणे येते. तिथे पगार जास्त, डोक्यावर पंखा, शेजारी दुसरी सिस्टर, आणि दोन वर्षांनी आखातात जायला लागणारा अनुभवाचा दाखला. ती जाते. आपण म्हणतो, आजकालच्या मुलींत सेवाभाव राहिला नाही. तिला शेवटची एसटी चुकल्यावर ती घरी कशी आली, हे आपण त्या चार महिन्यांत एकदाही विचारलेले नसते.

सेवाभाव हा शब्द पगार कमी देण्यासाठी वापरू नये, असे आम्हांला स्पष्टपणे लिहावेसे वाटते. गृहसेवेतील परिचारिका डॉक्टर शेजारी नसताना निर्णय घेते, उन्हापावसात चालते आणि एकटी असते. तिचा पगार तालुक्यातील खाजगी रुग्णालयापेक्षा कमी असण्याचे काहीच कारण नाही. स्कूटीचे पेट्रोल, मोबाइलचे रिचार्ज आणि रेनकोट यांचा खर्च पगारातून न जाता वेगळा मिळावा. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळावा. देणगी आली नाही म्हणून थांबू नये.

राहण्याची सोय हा दुसरा मोठा प्रश्न. बाहेरगावची परिचारिका असेल तर तिला पाड्यावर एकटीला ठेवण्यापेक्षा किन्हवली, खर्डी, सरळगाव किंवा टोकावडे अशा बाजारपेठेच्या गावी दोघींना एकत्र खोली घेऊन द्यावी. दाराला आतून चांगली कडी, दिवा, पाणी आणि स्वतंत्र शौचालय असावे. मोबाइलला रेंज नसलेल्या पाड्यांची यादी करावी आणि त्या पाड्यांवर तिने कधीही एकटीने जाऊ नये. रात्री बोलावणे आल्यास कोणाला सोबत घ्यायचे हे आधी ठरलेले असावे, आणि जायचे नाही असे तिने ठरवल्यास तिला जाब विचारू नये. तातडीच्या रुग्णासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा राहत्या घरालाही कामाचे ठिकाण मानतो. संस्थेत दहापेक्षा कमी माणसे असल्यास तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे तिला पहिल्याच दिवशी सांगावे. ज्या घरात एकदा वाईट अनुभव आला, तिथे ब्रदर जाईल किंवा कोणीच जाणार नाही.

कामाचा भार मोजताना घरांची संख्या मोजण्याची चूक सर्रास होते. वाशिंदमध्ये दिवसाला सात घरे होतील. माळशेजच्या पायथ्याशी तीन झाली तरी पुष्कळ. ऋतूही पाहावा लागतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. क्षयरोगाची गोळी किंवा बाळंतिणीची भेट त्या सहा महिन्यांत भट्टीवर पोहोचली पाहिजे, म्हणजे यादी आणि मार्ग दोन्ही बदलले पाहिजेत. नुसती हजेरी तपासणाऱ्या व्यवस्थापकाला हे समजत नाही.

आठवड्यातून अर्धा दिवस सर्वांनी एकत्र बसावे. अवघड रुग्णांविषयी डॉक्टरांशी बोलणे, नवीन काही शिकणे, औषधांचा हिशेब, आणि त्या आठवड्यात कोणी दगावले असल्यास त्याविषयी मोकळेपणाने बोलणे. गृहसेवेत रुग्ण महिनोन्महिने ओळखीचा असतो. त्याचा मृत्यू परिचारिकेला घरच्या माणसासारखा लागतो. तिला अंत्यविधीला जायला सुट्टी द्यावी. केरळमध्ये २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण ठरले आणि पंचायतीच्या परिचारिकेसोबत गावचे स्वयंसेवक घरी जाऊ लागले. तिथे काम टिकले यामागे हेही एक कारण असावे : परिचारिकेला एकटीने सगळे सोसावे लागत नाही.

हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा रुजू होताच सुरू कराव्यात, खर्च संस्थेचा. वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लास्टिकचा डबा तिच्या पिशवीत असावा आणि तो आरोग्य केंद्रात जमा करण्याची व्यवस्था असावी. प्रसूतीची रजा कायद्याप्रमाणे द्यावी आणि ती परत येईल असे धरूनच बदलीची माणसे शोधावीत. एएनएम झालेल्या मुलीला पुढे जीएनएम करायचे असेल तर अडवू नये, तिची जागा राखून ठेवावी.

करारपत्राविषयी. शिक्षणाला मदत केली म्हणून तीन किंवा पाच वर्षांचा बाँड लिहून घेण्याची आणि मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. मूळ कागद अडकवून ठेवणे गैर आहे, आणि त्याने हेतूही साधत नाही : माणूस कपाटाकडे पाहत दिवस काढतो. मदत देताना किती काळ सेवेची अपेक्षा आहे हे साध्या मराठीत लिहावे, दोघांनी सह्या कराव्यात, छायाप्रती ठेवून मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावेत. जाण्यापूर्वी दोन महिन्यांची सूचना मागावी, म्हणजे तिच्या रुग्णांच्या घरी नव्या परिचारिकेला घेऊन ती स्वतः जाऊ शकेल. त्या भेटी झाल्या की अनुभवाचा दाखला ताबडतोब द्यावा, जिथे जायचे आहे तिथे तिला तो लागणारच आहे.